जुन्या गाडीची गाळणी

बडोद्याच्या मराठी घरांत वस्तू सहजासहजी मोडीत काढण्याची रीत नाही. पितळी बंब, शिसवी कपाट, तांब्याचे घंगाळ ही मंडळी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे निमूटपणे येत राहतात. त्यांच्याच पंक्तीला आता जुनी मोटारही येऊन बसली आहे. दांडिया बाजारातील एखाद्या वाड्याच्या बोळात, कारेलीबाग किंवा अकोट्याच्या सोसायटीच्या आवारात, कापडी आच्छादनाखाली मारुती ८०० उभी असलेली दिसते. क्वचित एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडरही दृष्टीस पडते. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या राजेशाही मोटारींचा मोठा मेळा भरला होता. त्या मोटारींची निगा राखावयास स्वतंत्र माणसे असतात. आमच्या-तुमच्या घरच्या जुन्या गाडीची निगा मात्र घरच्यांनाच राखावी लागते.

ही गाडी शोभेची नसते. दवाखाना, बँक, देऊळ आणि आप्तेष्टांची कार्ये एवढ्यासाठी निवृत्त दांपत्याला ती पुरेशी असते. मुले पुण्यास किंवा परदेशी असतात, नव्या गाडीचे हप्ते पेन्शनीत बसत नाहीत, आणि रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर दारात वाहन असणे हा मोठाच धीर असतो. अशा गाडीने ऐन वेळी दगा देऊ नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्यापासून घरच्यांच्या जीवास अपाय होऊ नये, एवढी माफक अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी होणे न होणे पुष्कळदा दोन लहानशा वस्तूंवर अवलंबून असते. एक इंधनाची गाळणी, म्हणजे फ्यूएल फिल्टर, आणि दुसरा इंधनाचा पंप. इंजिनाची सर्व्हिसिंग लोक नियमाने करतात, टायर बदलतात, रंगही देतात. परंतु या जोडीची आठवण गाडी रस्त्यात थांबल्यावरच होते. म्हणून या लेखात तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

टाकीपासून इंजिनापर्यंत

ज्यांच्या घरी एके काळी बजाज चेतक होती, त्यांना इंधनाच्या प्रवासाचा सर्वात सोपा प्रकार ठाऊक आहे. तिथे टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. कॉक उघडला की पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरते. पंपाची गरजच नाही. कॉकला असलेली बारीक जाळी हीच गाळणी.

मोटारीचे तसे नाही. तिची टाकी मागे आणि खाली असते, इंजिन बहुधा पुढे. पेट्रोल ओढून वर चढवावे लागते, म्हणून पंप आला. पद्मिनी, अँबॅसडर आणि कार्ब्युरेटरच्या काळातील मारुती यांत हा पंप इंजिनाच्याच अंगावर बसविलेला असतो. इंजिनातील कॅमशाफ्ट फिरताना तिच्यावरील उंचवटा पंपाचा दांडा खाली-वर हलवितो. दांड्याला जोडलेला रबरी पडदा, ज्याला कारागीर डायफ्राम म्हणतात, तो खाली गेला की टाकीतून पेट्रोल ओढले जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने वर आला की ते कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते. येण्याची झडप एक, जाण्याची झडप दुसरी. एवढेच हे यंत्र. त्याचा दाब अगदी सौम्य, दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास.

सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर मागे पडून इंधन फवारणारी एम.पी.एफ.आय. पद्धत आली. तिला दहापटीहून अधिक, म्हणजे सुमारे तीन किलोचा दाब लागतो. तो देणारा विजेचा पंप बहुतेक गाड्यांत टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. आपल्याजवळ हालोलच्या कारखान्यात तयार झालेल्या ओपेल आणि शेव्हरोले गाड्या या दुसऱ्या पद्धतीच्या. त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली. मारुती ८०० आणि अँबॅसडर यांचे उत्पादन २०१४ मध्ये संपले. पद्मिनी थांबून तर दोन तपे उलटून गेली. तेव्हा अशा गाड्यांचा अस्सल पंप दुकानात सहज मिळेल, ही आशा दिवसेंदिवस दुबळी होत जाणार. जो पंप आहे तो जपणे हाच शहाणपणा. आणि पंप जपावयाचा तर गाळणीकडे लक्ष दिले पाहिजे.

आधी गाळणी, मग पंप

आमच्या शहराजवळ कोयली येथे १९६५ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तेथून निघताना पेट्रोल स्वच्छच असते. पुढे टँकर, पेट्रोल पंपाची जमिनीखालील टाकी आणि शेवटी आपली स्वतःची टाकी, असा त्याचा प्रवास होतो. जुन्या गाडीच्या बाबतीत कचऱ्याचे मोठे माहेरघर ही शेवटचीच टाकी. पंचवीस-तीस वर्षे वापरलेल्या पत्र्याच्या टाकीत आतून गंज धरतो. टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या मोकळ्या भागातील हवेचा दमटपणा रात्री गारव्याने पाण्याचे थेंब होऊन पत्र्यावर जमतो. हे पाणी पेट्रोलहून जड, म्हणून तळाशी जाते. आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते.

गाळणीचे काम हा गंज व गाळ अडविण्याचे. आत घडीघडीचा कागद असतो. तो तुंबत गेला की पंपाला अधिक जोर करावा लागतो, इंजिनास इंधन कमी पडते, आणि पुढे दिसतात ती लक्षणे अशी : गाडी घरातून नीट निघते, शहरात बरी चालते, परंतु महामार्गावर वेग घेताना किंवा पुलाचा चढ चढताना अडखळते, धक्के देते. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालते. कारण थांबलेल्या अवधीत उपसा थांबून गाळ थोडा खाली बसतो, आणि इंधनास पुन्हा वाट मिळते.

या लक्षणांवरून पंप गेला असा निष्कर्ष घाईने काढला जातो. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध दांपत्याच्या गाडीचा पंप एका गॅरेजमध्ये असाच बदलण्यात आला. तीन आठवड्यांत तीच तक्रार परत आली. दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीने पंपाला हातही न लावता गाळणी सोडविली आणि पांढऱ्या कपड्यावर उलटी करून झटकली. विटकरी रंगाची पूड पडली. टाकी उतरवून धुतली, नवी गाळणी बसविली, आणि गाडी पूर्ववत झाली. नवा पंप तेवढा फुकट गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते असे.

म्हणून पहिला नियम असा की, पंप बदलण्याचा सल्ला मिळाला तर आधी गाळणी आणि टाकीचा तळ पाहून घ्यावा. काढलेली जुनी गाळणी फेकू देऊ नये. ती उलटी झटकून काय पडते ते स्वतः पाहावे. गंजाची पूड पडली तर टाकीचे दुखणे, पाणी निघाले तर झाकणाचे वा पावसाचे, काळे मऊ कण निघाले तर रबरी नळी आतून विरघळू लागली आहे असे समजावे. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी गाळणीवरून सबंध इंधनमार्गाची परीक्षा करता येते.

कंपनीच्या पुस्तिकेत गाळणी बदलण्याचे अंतर दिलेले असते. परंतु ते नव्या टाकीच्या हिशेबाने असते. जुन्या गाडीची गाळणी वर्षातून एकदा, अथवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा बदलावी, असे आमचे मत आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पारदर्शक प्लॅस्टिकची गाळणी बसविलेली असते. ती अर्धीच भरलेली दिसली म्हणून भिण्याचे कारण नाही, तो दोष नव्हे. गाळणीवर बाण असतो. त्याचे टोक इंजिनाकडे हवे. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. एम.पी.एफ.आय. गाडीत तिच्यासाठीच केलेली, दाब सोसणारी गाळणी बसवावी. स्वस्त मिळते म्हणून कार्ब्युरेटरची प्लॅस्टिक गाळणी तिथे लावणे म्हणजे तीन किलोच्या दाबाखालील पेट्रोल तापलेल्या गाडीखाली फुटण्याची व्यवस्था करणे होय.

पडद्याचे दुखणे

गाळणी स्वच्छ असून तक्रार राहिली तर मग पंपाकडे वळावे. जुन्या पद्धतीच्या पंपात पहिल्यांदा थकतो तो रबरी पडदा. त्याला चीर गेली की दोन गोष्टी संभवतात. एक, पंपाच्या बाजूच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ठिबकू लागते आणि बॉनेट उघडताच वास येतो. दुसरी अधिक कपटी. पेट्रोल बाहेर न येता आत, इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, त्याचे वंगण राहत नाही, बेअरिंगे खाऊ लागतात. आणि मालकाला वाटते, गाडी ऑइल मुळीच पीत नाही, उलट पातळी वाढतेच आहे! डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसणे ही आनंदाची नव्हे, धोक्याची खूण आहे. डिपस्टिक काढून तिचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवसापासून गाडी उभी ठेवावी, पंपाचा पडदा आणि ऑइल दोन्ही बदलावे.

उन्हाळ्यातील एक तक्रार मात्र पंपाची नव्हे, बडोद्याच्या उन्हाची असते. वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर गेला, गाडी रहदारीत तापून उभी राहिली, की पंपातील आणि नळीतील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढू शकतो. वाफ दाबली जाते, पुढे सरकत नाही. गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. पूर्वीच्या काळचे ड्रायव्हर पंपावर ओला फडका ठेवीत, ते अज्ञान नव्हते. तो नेमका उपाय होता. कायमचा इलाज म्हणजे पंप आणि इंजिन यांच्यामधील उष्णता अडविणारा जाड तुकडा शाबूत आहे ना, नळी एक्झॉस्टच्या अगदी जवळून गेलेली नाही ना, हे पाहणे.

टाकीतील विजेच्या पंपाची प्रकृती वेगळी. त्याला गारवा आणि वंगण दोन्ही पेट्रोलच देते. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल घालून, काट्याची लाल रेघ गाठेपर्यंत गाडी चालविण्याची सवय या पंपाचे आयुष्य घटविते. टाकी पावभर तरी असू द्यावी. किल्ली 'ऑन'च्या टप्प्यावर फिरविताच मागच्या आसनाच्या बाजूने क्षणभर, दोनएक सेकंद, गुणगुण ऐकू येते. रोज हा आवाज ऐकण्याची सवय ठेवावी. तो खरखरीत किंवा चढा होऊ लागला तर पंप थकत चालला. मुळीच आला नाही, तर पंपाआधी फ्यूज आणि रिले तपासावे. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजपायी हजारोंचा पंप विकत घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

डिझेलच्या जुन्या जीपगाड्या आणि टेम्पो ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. डिझेलच्या गाळणीखाली पाणी साचण्याची वाटी व ते सोडण्याचा स्क्रू किंवा तोटी असते. इंजेक्शन पंपाचे भाग अतिशय सूक्ष्म मापात घडविलेले असतात आणि त्यांना वंगण डिझेलचेच मिळते. पाण्याचा थोडासा अंशही त्यांना मारक. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ते पाणी सोडावे.

नवे पेट्रोल आणि जुने रबर

वरील सर्व दुखणी जुनीच. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांपासून सुरू झाला. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल बाजारात आले. २०२५ मध्ये ते सर्वत्र झाले. एका परीने ही आपल्याच घरची वस्तू. सांगली-कोल्हापूरकडील साखर कारखान्यांचा, तसाच आपल्या दक्षिण गुजरातेतील उसाचा अंश आता गाडीच्या टाकीत येतो. परदेशी तेलाचा खर्च वाचावा आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा जावा, हा हेतू चांगलाच आहे. तथापि, हेतू चांगला म्हणून आपल्या जुन्या गाडीचे रबर बदलत नाही, हेही तितकेच खरे.

एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे भाग या पेट्रोलला अनुकूल केलेले आहेत. त्याआधीच्या, विशेषतः कार्ब्युरेटरच्या काळातील गाड्यांचे तसे नाही. मद्यार्काने जुन्या प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते, पुढे तडकते. पंपाचा पडदा, नळ्या, वॉशर हे सर्व त्यात आले. मद्यार्क पाणी शोषून घेतो. एका मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळून जाते, परंतु मर्यादा ओलांडली की पाणी आणि मद्यार्क मिळून वेगळा थर तळाशी बसतो, आणि इंजिन ओढते ते नेमके तळातूनच. शिवाय वर्षानुवर्षे टाकीच्या अंगाला चिकटलेला चिकटा तो सोडवितो. हा सुटलेला मळ थेट गाळणीत जाऊन बसतो. जुन्या गाडीला हे पेट्रोल सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाळणी लवकर तुंबते, ती यामुळे.

मायलेजविषयी बरीच उलटसुलट चर्चा कानी येते. हिशेब साधा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश शक्ती असते. पाचवा हिस्सा इथेनॉल असेल तर एकूण शक्ती सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही निव्वळ पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींच्या बाबतीत सहा ते सात टक्के आणि दुचाकींच्या बाबतीत तीन ते चार टक्के घट अपेक्षिली होती. तेव्हा लिटरमागे पंधरा किलोमीटर देणारी गाडी चौदा देऊ लागली तर तो दोष मानू नये. अकरा देऊ लागली तर मात्र कोठेतरी गळती वा बिघाड आहे असे समजून शोध घ्यावा. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितले की, काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील आणि ते काम खर्चाचे नाही. भाग मिळत असतील तोवर खर्चाचे नाही, एवढी पुस्ती आम्ही त्यास जोडतो. म्हणून बिघाडाची वाट न पाहता इथेनॉलला चालतील अशा नळ्या एकदाच सबंध बदलून घ्याव्यात, पंपाचा पडदाही त्याच प्रकारचा मागावा, आणि मिळाल्यास एक जादा घेऊन ठेवावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

ज्यांची गाडी महिनोन्महिने उभी असते, त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास ती रस्त्यावर काढावी. नुसती जागेवर पाच मिनिटे चालवून बंद करणे उपयोगाचे नाही. परदेशी मुलांकडे सहा महिने राहावयास जाणार असाल तर गाडी विश्वासू शेजाऱ्याच्या हाती सोपवून जावे.

विश्वामित्रीचे पाणी

बडोद्याच्या गाड्यांना आणखी एक शत्रू आहे, आणि तो आपल्या नित्याच्या परिचयाचा आहे. ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीने शहर जलमय झाले. पुढे २०२४ च्या ऑगस्टात, गोकुळाष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. समा, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा आणि मुजमहुडा या भागांत पाणी शिरले, नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या, आणि तळघरांत व आवारांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या.

पुरात सापडलेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरते ते झाकणाच्या आणि हवा जाण्याच्या नळीच्या वाटेने. पाणी ओसरले की पहिली ऊर्मी होते ती किल्ली फिरवून पाहण्याची. येथेच घात होतो. किल्ली फिरताच पंप तळातले गढूळ पाणी ओढून गाळणीतून पुढे पोहोचवितो. आणि इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले न गेल्याने आतील दांडे वाकतात. जे काम टाकी धुणे आणि गाळणी बदलणे यांत निभावले असते, ते इंजिन उघडण्यावर जाते. जुन्या गाडीचा विमा पुष्कळदा केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीपुरता असतो. त्यातून पुराची भरपाई मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी बुडालेले इंजिन चालू करून झालेले नुकसान विमा कंपन्या सहसा मान्य करीत नाहीत.

तेव्हा क्रम असा ठेवावा. किल्लीला हात लावू नये. बॅटरीची तार सोडवावी. पाणी कोठवर आले होते याची छायाचित्रे काढावीत. गाडी ओढून न्यावी. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी व वाळवावी, गाळणी नवीन घालावी, नळ्यांतून हवा मारावी, ऑइल पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. एवढे झाल्यावरच इंजिन फिरवावे. पुरानंतर काही दिवस सखल भागातील पेट्रोल पंपावर इंधन भरण्याची घाई करू नये. जमिनीखालील टाकीत पाणी आहे का, हे पंपचालक रंग बदलणाऱ्या लेपाने तपासतात. ती तपासणी झाली का, हे विचारण्यास संकोच नसावा. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा हक्कही ग्राहकास आहे.

हात कोठे घालू नये

१८९० मध्ये महाराज सयाजीरावांनी या नगरीत कलाभवन उघडले, ते हातांनी यंत्र हाताळण्यात कमीपणा नाही हे शिकविण्यासाठीच. घरच्या माणसाने आपली गाडी समजून घ्यावी, डिपस्टिक पाहावी, नळ्या दाबून पाहाव्यात, वास घ्यावा, आवाज ऐकावा. हे सर्व अवश्य करावे. परंतु पेट्रोल ही खेळण्याची वस्तू नाही, याचे भान सुटू देऊ नये.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची वाईट खोड अजून गेलेली नाही. घोट चुकून फुफ्फुसात गेला तर जीवघेणी सूज येते. असे कधी घडलेच तर त्या व्यक्तीस ओकारी काढावयास लावू नये. ओकताना तेच पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत जाते. थेट रुग्णालय गाठावे. इंधनाच्या नळीचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, उघड्या हवेत, बॅटरी सोडवून करावे. जवळ देवापुढची समई, उदबत्ती किंवा विडी नसावी. एम.पी.एफ.आय. गाडीची नळी सोडण्यापूर्वी तिच्यातील दाब काढावा लागतो. हे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर 'जुनी आहे, येणारच' असे म्हणून सोडून देऊ नये. वास येतो याचा अर्थ कोठेतरी गळते आहे, आणि ठिणगी केव्हा पडेल याचा नेम नसतो.

आणि जपणुकीलाही सीमा असावी. १५ वर्षांनंतर खासगी मोटारीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी १०,००० रुपये. हा खर्च आणि वर्षाची दुरुस्ती यांची बेरीज एकदा शांतपणे मांडावी. टाकी इतकी कुजली की डाग देऊनही ठिबकते, इंधनाची नळी ज्या पत्र्याला धरून जाते तोच पत्रा हाताने तुटतो, अशी वेळ आली की ममता बाजूस ठेवून गाडीला निरोप द्यावा. कुटुंबाच्या जीवापेक्षा कोणतीही आठवण मोठी नाही.

ती वेळ येईपर्यंत मात्र एक नेम पाळता येईल. खंडेनवमीस किंवा दसऱ्यास आपल्याकडे घरोघरी हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा होते. झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि दिवाळीचा प्रवास पुढे असतो. वर्षाची गाळणी बदलण्यास याहून योग्य मुहूर्त आम्हांस सुचत नाही. पूजेच्या चार दिवस आधी गाडी मिस्त्रीकडे न्यावी, जुनी गाळणी आपल्यासमोर उलटी झटकवून घ्यावी, नळ्यांच्या क्लिपा आवळून घ्याव्यात, डिपस्टिकचा वास घ्यावा, आणि नव्या गाळणीवर शाईने तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दसऱ्याला बॉनेट उघडणाऱ्याला, मग तो मुलगा असो, सून असो की नवा मिस्त्री असो, काय करावयाचे आहे ते त्या तारखेवरून कळेल.